‘रिक्वायर्ड’ लावलंय, तरी अर्ज रिकामा येतो: स्क्रिप्टने फॉर्म पाठवताना तपासणी कुठे निसटते

‘मॅडम, आजही दोन अर्ज तसेच आलेत. नाव आहे, पत्ता आहे, मोबाइल नंबरच नाही. आता या माणसाला कळवायचं कसं?’

एका पतसंस्थेतल्या कारकून काकांचा हा फोन मला त्या पावसाळ्यात पुन्हा पुन्हा यायचा. सभासदांची माहिती अद्ययावत करायचा ऑनलाइन अर्ज मी त्यांना करून दिला होता. मोबाइलच्या रकान्याला ‘रिक्वायर्ड’ होतं, म्हणजे तो भरणं सक्तीचं, आणि दहा अंकांचा पॅटर्न, म्हणजे मजकुराचा ठरलेला नमुनाही होता. पहिल्या दिवशी मी स्वतः रकाना रिकामा ठेवून बटण दाबून पाहिलं होतं, ब्राउझरने लगेच अडवलं होतं. तरी महिन्याभराने रिकामे अर्ज यायला लागले. आणि एक कारण सापडून दुरुस्ती केली की काही दिवसांनी दुसऱ्याच वाटेने तीच तक्रार परत यायची.

आपल्याला हे एका रकान्याचं प्रकरण वाटतं. पण असा अर्ज आला की काका वाडीवरच्या त्या सभासदाला कुणाच्या तरी हाती निरोप धाडायचे आणि तो माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून शाखेत यायचा. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते आहे. मेथडची, म्हणजे स्क्रिप्टमधून बोलावायच्या तयार कामांची, नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजीत जोडून लिहायची, पहिला शब्द छोट्या अक्षराने आणि पुढच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

पहिलं कारण: ‘नक्की पाठवायचं का?’ची चौकट

मधल्या काळात संस्थेने एक साधी मागणी केली होती. सभासदाने ‘जतन करा’ दाबलं की ‘दिलेली माहिती बरोबर आहे का?’ अशी चौकट यावी आणि ‘होय’ म्हटल्यावरच अर्ज जावा. मी ‘जतन करा’ साधं बटण केलं, त्याच्या क्लिकवर चौकट उघडली आणि ‘होय’च्या क्लिकवर फॉर्मची सबमिट() मेथड बोलावली. गळती तिथेच होती.

माणूस फॉर्ममधलं सबमिट बटण दाबतो तेव्हा ब्राउझर एका क्रमाने कामं करतो. आधी प्रत्येक रकान्याला विचारतो, तू नियमात बसतोस का? एखादा बसत नसेल तर त्या रकान्यावर ‘इनव्हॅलिड’ इव्हेंट, म्हणजे ‘असं घडलं’ ही ब्राउझरची सूचना, सुटतो, कर्सर तिथे जातो, छोटा संदेश दिसतो आणि सगळं तिथेच थांबतं. ‘सबमिट’ इव्हेंटसुद्धा सुटत नाही. सगळे रकाने नियमात बसले तरच ‘सबमिट’ इव्हेंट सुटतो, आपलं हँडलर, म्हणजे त्या इव्हेंटला जोडलेला कोड, चालतं आणि शेवटी माहिती सर्व्हरकडे निघते.

स्क्रिप्टमधून सबमिट() बोलावलं की ब्राउझर थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो. रकान्यांना कुणी विचारत नाही, ‘सबमिट’ इव्हेंट सुटत नाही आणि त्यावर बांधलेली आपली स्वतःची तपासणीही चालत नाही. हा ब्राउझरमधला दोष नाही, मेथड पहिल्यापासून अशीच आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने तपासणी आधीच केली असणार, असं ती धरून चालते.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरणाऱ्या जुन्या प्रकल्पांत हेच थोड्या वेगळ्या रूपात भेटतं. जेक्वेरीच्या सबमिट()ने आपण बांधलेली हँडलर्स चालतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. पण त्यानंतर ती ब्राउझरची मूळ सबमिट()च बोलावते, म्हणून ‘रिक्वायर्ड’ आणि ‘पॅटर्न’ बाजूलाच राहतात.

यावर सरळ उतारा म्हणजे रिक्वेस्टसबमिट(). ही मेथड माणसाने बटण दाबल्यासारखीच वागते: तपासणी, मग इव्हेंट, मग पाठवणी. कंसात बटण दिलं तर त्या बटणाचं नाव आणि व्हॅल्यूही सोबत जाते, सबमिट()मध्ये ती जात नाही. क्रोममध्ये ही मेथड २०१९ साली आली, फायरफॉक्समध्ये २०२० साली आणि सफारीत २०२२ साली, आवृत्ती १६ मध्ये. आयफोन ७ आणि त्याआधीच्या फोनना आयओएस १६ मिळालेलं नाही, तेव्हा तसे फोन वापरणारे सभासद असतील तर मेथड आहे का ते आधी तपासा. नसेल तर फॉर्ममधल्या खऱ्या सबमिट बटणावर स्क्रिप्टने क्लिक() बोलवा. त्या वाटेनेही तपासणी होते.

पण चौकटीच्या बाबतीत यात एक भोवरा आहे आणि त्यात मी एक अख्खी दुपार घालवली. ‘सबमिट’ इव्हेंटमध्ये पाठवणी थांबवून चौकट उघडली, ‘होय’वर रिक्वेस्टसबमिट() बोलावलं, की पुन्हा ‘सबमिट’ इव्हेंट सुटतो, पुन्हा तेच हँडलर चालतं आणि चौकट पुन्हा उघडते. कितीही वेळा ‘होय’ म्हणा, चौकट जातच नाही. याला कंटाळूनच बरेच जण सबमिट()कडे वळतात आणि तपासणी गमावतात.

शेवटी मी ठेवलेली मांडणी अशी. ‘जतन करा’ हे खरं सबमिट बटण. त्यामुळे ‘सबमिट’ इव्हेंट सुटला याचा अर्थच रकाने तपासून झाले. त्या हँडलरमध्ये पाठवणी थांबवायची, चौकट उघडायची आणि ‘होय’वर निर्धास्तपणे सबमिट() बोलवायचं. सबमिट() वापरण्यात काही वावगं नाही, फक्त ती तपासणीच्या पलीकडच्या बाजूला उभी असली पाहिजे. क्रम उलटा करून चौकट आधी आणि तपासणी ‘होय’नंतर ठेवली तर दुसरीच पंचाईत होते: चुकीचा रकाना चौकटीच्या मागे दडलेला असतो आणि माणसाला कुठे काय चुकलं ते दिसत नाही.

एवढ्यातच आणखी दोन गोष्टी. बटणाचं नाव किंवा आयडी ‘सबमिट’ ठेवू नका. तसं केलं की फॉर्मचं सबमिट म्हणजे ते बटणच होऊन बसतं आणि कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतल्या संदेशांच्या खिडकीत, ‘हे फंक्शन नाही’ अशी तक्रार येते. आणि फेच, म्हणजे पान न बदलता स्क्रिप्टनेच माहिती पाठवायची सोय, वापरत असाल तर तो कोड बटणाच्या ‘क्लिक’वर बांधू नका, फॉर्मच्या ‘सबमिट’वर बांधा. क्लिकचं हँडलर तपासणीच्या आधी चालतं. संदेश पडद्यावर दिसतो तोवर अर्धवट माहिती सर्व्हरवर पोचलेली असते. दोनदा दाबलं जाऊ नये म्हणून बटण बंद करायचं असेल तर तेही ‘सबमिट’मध्येच करा. क्लिकवर बंद केलं तर अर्ज न जाताच बटण बंद राहू शकतं, माणूस अडकतो.

जन्मतारीख नाहीच

दोन आठवडे शांततेत गेले. मग काकांचा फोन: ‘मोबाइल नंबर आता येतो बघा, पण जन्मतारखा येईनात.’

तारखेच्या रकान्याला कॅलेंडर जोडलेलं होतं. लोकांनी हाताने वाटेल तशी तारीख लिहू नये म्हणून कॅलेंडरच्या सोबतीला रकाना ‘रीडओन्ली’ केलेला होता. आणि रीडओन्ली रकाना ब्राउझरच्या तपासणीतून पूर्ण वगळला जातो. त्याला ‘रिक्वायर्ड’ लावलं काय, न लावलं काय, सारखंच. ब्राउझरचा विचार असा की ज्या रकान्यात माणसाला लिहिताच येत नाही, त्याबद्दल त्याला अडवायचं कशाला? ‘डिसेबल्ड’ रकान्याचंही तसंच, शिवाय त्याची माहिती सर्व्हरकडे जातही नाही. ‘हिडन’ प्रकारचा रकानाही तपासणीबाहेर, मात्र त्याची माहिती जाते.

रीडओन्ली काढून टाकलं आणि ‘इनपुटमोड’ला ‘नन’ दिलं. त्याने फोनवरचा कीबोर्ड वर येत नाही, कॅलेंडर तेवढं उघडतं आणि रकाना तपासणीत राहतो. नवीन काम असेल तर मी सरळ ‘डेट’ प्रकारचा रकाना घेते. फोनवर तो अंगचंच कॅलेंडर उघडतो आणि वेगळी स्क्रिप्ट लागत नाही.

याच्याजवळचीच एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. ‘मिनलेंग्थ’ आणि ‘मॅक्सलेंग्थ’ ब्राउझर तेव्हाच तपासतो, जेव्हा रकान्यातला मजकूर शेवटी माणसाने स्वतः बदललेला असतो. खाते क्रमांक टाकल्यावर आमची स्क्रिप्ट जुना पत्ता आपोआप भरत असे. तो पत्ता मर्यादेपेक्षा लांब असला तरी ब्राउझर काही बोलत नसे आणि डेटाबेसमध्ये तो शेवटी तुटून बसे. स्क्रिप्टने भरलेल्या मजकुराची लांबी स्क्रिप्टनेच मोजायची.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही

ही उलटी तक्रार, आणि माझ्या मते जास्त वाईट. रिकामा अर्ज निदान पोचतो. इथे माणूस बटण दाबत राहतो, संदेश येत नाही, पान हलत नाही.

आमच्या अर्जात ‘वारसदार नेमायचा आहे का?’ असा प्रश्न होता. ‘नाही’ म्हटलं की वारसदाराचे रकाने सीएसएसने, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या नियमांनी, लपवले जायचे. पण लपवले तरी त्यांचं ‘रिक्वायर्ड’ कायम होतं. ब्राउझर तपासणीत त्या रिकाम्या रकान्यापाशी थांबतो, कर्सर तिथे न्यायला बघतो, पण रकाना दिसतच नसल्याने नेता येत नाही. मग अर्जही जात नाही आणि संदेशही दिसत नाही. क्रोमचं कन्सोल उघडलंत तर ‘नॉट फोकसेबल’ असे शब्द असलेली लाल ओळ सापडेल. ती दिसली की समजा, लपलेला रकाना वाट अडवून बसलाय.

उपाय छान सुटसुटीत आहे. असे रकाने एका ‘फील्डसेट’मध्ये, म्हणजे रकान्यांच्या गटात, ठेवा आणि लपवताना त्या फील्डसेटला ‘डिसेबल्ड’ करा. आतले सगळे रकाने एकदम तपासणीबाहेर जातात, त्यांची माहितीही जात नाही. ‘होय’ म्हटलं की ‘डिसेबल्ड’ काढा, सगळे नियम होते तसे परत लागू. एकेका रकान्याचं ‘रिक्वायर्ड’ काढण्या-लावण्याचा खटाटोप लागत नाही.

बटण अडून बसण्याचं दुसरं कारण म्हणजे सेटकस्टमव्हॅलिडिटी(). बँकेचा खाते क्रमांक दोनदा लिहायला लावून दोन्ही जुळतात का ते पाहताना ही मेथड कामाला येते. पण हिने लावलेला संदेश आपोआप पुसला जात नाही, रिकामी स्ट्रिंग देऊन आपणच पुसावा लागतो. आणि हे ‘सबमिट’ इव्हेंटमध्ये लिहिलं तर कोंडी पक्की: एकदा चूक लागली की फॉर्म नियमात बसत नाही, म्हणून ‘सबमिट’ इव्हेंट सुटत नाही, म्हणून चूक पुसणारा कोड कधीच चालत नाही. माणसाने नंबर दुरुस्त केला तरी फॉर्म अडलेलाच. ही तुलना दोन्ही रकान्यांच्या ‘इनपुट’ इव्हेंटवर करा.

मराठीत लिहिलेलं नाव ‘चूक’ ठरतं तेव्हा

सगळ्यात जीव लागला तो इथे. एका आजींनी नातवाकडून अर्ज भरून घेतला, नाव मराठीत लिहिलं आणि पानाने सांगितलं की हे नाव योग्य नमुन्यात नाही. स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत लिहिलं तर ते चूक कसं?

पॅटर्नमध्ये फक्त इंग्रजी अक्षरं आणि मोकळी जागा एवढंच दिलेलं होतं. ते बदलून मी युनिकोडमधला ‘कोणत्याही लिपीतलं अक्षर’ हा वर्ग दिला, म्हणजे महिरपी कंसात एल. तरी ‘अनिता’ अडकलं. युनिकोडच्या हिशेबी ‘अनिता’त पाच चिन्हं आहेत: अ, न, ऱ्हस्व वेलांटी, त आणि काना. त्यातली वेलांटी आणि काना ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘जोडचिन्हं’ या वेगळ्या वर्गात, म्हणजे एममध्ये मोडतात. हलन्त, अनुस्वार, विसर्ग हेही तिथेच. दोन्ही वर्ग दिले तेव्हा ‘अनिता’ सुटलं. मग ‘कऱ्हाडकर’ अडकलं. काही कीबोर्ड यातला ऱ्ह नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडक चिन्ह वापरून. ते न दिसणारं चिन्ह या दोन्ही वर्गांत बसत नाही. पडद्यावर दोन्ही आडनावं सारखीच दिसतात, पण एक जातं आणि एक अडतं.

यावर माझं मत पक्कं झालं: नावाच्या रकान्याला अक्षरांचा पॅटर्न लावूच नये. फक्त रिकामं नाही ना, एवढं पाहावं. मात्र ‘रिक्वायर्ड’ला एक मोकळी जागासुद्धा ‘भरलेलं’ वाटते. काकांना आलेल्या काही ‘रिकाम्या’ नावांत नुसता स्पेसबार दाबलेला होता. म्हणून पॅटर्न द्यायचाच तर ‘निदान एक तरी चिन्ह मोकळ्या जागेहून वेगळं असावं’ एवढाच द्या. कमाल लांबी ठरवतानाही हात सैल ठेवा. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना चार अक्षरं लागतात, ब्राउझर मात्र दहा मोजतो.

पिनकोडचं निराळं. सहा अंक आणि पहिला अंक शून्य नसतो, इतका नियम पॅटर्नमध्ये घालावाच. फक्त तो इंग्रजी अंकांसाठी असतो आणि कुणी ‘४१६४१६’ असं देवनागरीत लिहिलं की अडतो. पॅटर्न लिहायच्या भाषेतला, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमधला, ‘कोणताही अंक’ असं सांगणारा ‘डी’ही देवनागरी अंक ओळखत नाही. माणसाला ‘इंग्रजीत लिहा’ म्हणून दटावण्यापेक्षा ‘इनपुट’ इव्हेंटमध्ये अंक बदलून घ्या. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, तिथून पुढे ओळीने नऊपर्यंत. क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात. सोबत ‘इनपुटमोड’ला ‘न्यूमेरिक’ द्या, म्हणजे फोनवर आकड्यांचीच पाटी वर येते.

आयएफएससी कोडने मात्र दोन दिवस छळलं. अकरा चिन्हं: पहिली चार इंग्रजी अक्षरं, पाचवं नेहमी शून्य, पुढची सहा अक्षरं किंवा अंक. लोक पाचव्या जागी शून्याऐवजी ओ लिहितात, ते पॅटर्नने पकडलं जातं आणि संदेशात ‘पाचवं चिन्ह शून्य आहे’ असं स्पष्ट लिहिलं की प्रश्न मिटतो. पण एका सभासदाने पाठवलेल्या पडद्याच्या फोटोत सगळं कॅपिटलमध्ये, तंतोतंत बरोबर दिसत होतं, तरी पॅटर्न अडवत होता. कारण सीएसएसमध्ये ‘टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म’ने अक्षरं कॅपिटल केलेली. ते फक्त दिसण्यापुरतं असतं, रकान्यात खरं तर छोटी अक्षरंच असतात आणि पॅटर्नला लहान-मोठा फरक कळतो. स्क्रिप्टने खरोखर कॅपिटल करून घेतल्यावर ते सुटलं.

पॅटर्नचं आणखी एक. त्यात लिहिण्यात चूक असेल तर ब्राउझर सगळा पॅटर्नच सोडून देतो, कन्सोलवर तेवढी नोंद करतो आणि काहीही भरलं तरी जाऊ देतो. चौकटी कंसात स्वतःच एक चिन्ह म्हणून लिहिलेली उघडी आडवी रेघ पूर्वी चालून जायची. २०२३ साली एचटीएमएलचा याबाबतचा नियम कडक झाला, आता तिच्याआधी उलटी तिरकी रेघ लागते. जुन्या पानावर अचानक वाटेल ते ईमेल पत्ते यायला लागले असतील तर आधी इथे पाहा.

कारण शोधायचा माझा क्रम

फोन आला की आता मी अंदाज बांधत बसत नाही. पान उघडते, संशयित रकान्यावर उजवं क्लिक करून इन्स्पेक्ट करते आणि कन्सोलमध्ये डॉलर-शून्य (म्हणजे नुकताच निवडलेला रकाना) लिहून त्या रकान्याचं ‘विलव्हॅलिडेट’ विचारते. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर ब्राउझर या रकान्याकडे बघणारच नाही. मग रीडओन्ली, डिसेबल्ड किंवा हिडन शोधायचं. ‘ट्रू’ आलं तर त्याच रकान्याचं ‘व्हॅलिडिटी’ उघडते. त्यात ‘व्हॅल्यूमिसिंग’, ‘पॅटर्नमिसमॅच’, ‘कस्टमएरर’ अशी यादी असते आणि जे ‘ट्रू’ असेल तेच अडवतंय. रकाना रिकामा ठेवल्यावर ‘व्हॅल्यूमिसिंग’ ट्रू आहे आणि तरी अर्ज जातोय, असं दिसलं तर दोष रकान्यात नाही, पाठवण्याच्या वाटेत आहे. मग फॉर्मवर ‘नोव्हॅलिडेट’ (तपासणी नको) किंवा बटणावर ‘फॉर्मनोव्हॅलिडेट’ राहिलंय का ते बघायचं आणि सगळ्या कोडमध्ये सबमिट() शोधायचं. ‘नोव्हॅलिडेट’ असेल तर रिक्वेस्टसबमिट()सुद्धा रकाने तपासत नाही, हे ध्यानात ठेवा.

‘इनव्हॅलिड’ इव्हेंट पूर्ण फॉर्मवर एकदाच ऐकायचा असेल तर तो रकान्यातून फॉर्मपर्यंत वर चढत नाही, म्हणून कॅप्चर (इव्हेंट खाली उतरतानाच ऐकणं) चालू करूनच बांधावा लागतो. कुठले रकाने लोकांना अडवतात हे नोंदवायला मला त्याचा फार उपयोग झाला.

सर्व्हरवरची बाजू

हे सगळं केलं तरी सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करावी लागते. कारण ब्राउझरमधली तपासणी ब्राउझरच्या मालकाच्या हातात असते. इन्स्पेक्टरमध्ये ‘रिक्वायर्ड’ खोडायला दोन सेकंद लागतात आणि फॉर्म न उघडताही माहिती पाठवता येते. आमच्या संस्थेत तसं कुणी मुद्दाम केलं नाही, पण माझ्याच सबमिट()मुळे निसटलेले अर्ज सर्व्हरने अडवले असते, तर काकांना एकही फोन करावा लागला नसता.

सर्व्हरने चूक सांगितली तर ती पानाच्या माथ्यावर लाल पट्टीत न देता मी त्या-त्या रकान्यावरच सेटकस्टमव्हॅलिडिटी()ने लावते आणि रिपोर्टव्हॅलिडिटी() बोलावते. कर्सर नेमक्या जागी जातो. माणूस लिहायला लागला की ‘इनपुट’वर संदेश पुसते. आणि अर्ज परत दाखवताना भरलेलं सगळं जागच्या जागी राहू द्या. फक्त पान नव्याने उघडलं तर आधी जोडलेली कागदपत्रं स्क्रिप्टला माणसाच्या फोनमधून परत उचलता येत नाहीत, ब्राउझर ती परवानगी देत नाही. म्हणून आमच्याकडे आता फोटो आणि पासबुकाची प्रत आधीची सगळी माहिती स्वीकारली गेल्यावर, वेगळ्या पानावर मागतो.